आधी सेल, मग चार्जर, शेवटी टॉर्च

आमच्या भागात टॉर्च घ्यायला गेलं की दुकानदार ती आधी भिंतीवर मारून दाखवतो. भर दुपारी, दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. पांढराशुभ्र गोल पडतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि टॉर्च पिशवीत जाते. तिच्यात सेल कोणता आहे, तो बाहेर निघतो का, उद्या तो गेला तर दुसरा कुठे मिळेल, चार्ज कशात करायचा, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं, खरेदी उलट्या बाजूनं करा. आधी सेल ठरवा, मग त्याचा चार्जर आणि टॉर्च सगळ्यात शेवटी.

मी जुन्नर तालुक्यातली. लग्नाआधी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात थोडी नोकरी केली, आता शेती बघते. ऊस, कांदा, थोडे टोमॅटो. शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की जेवणं उरकून आम्हा दोघांपैकी एकजण पाण्यावर जातो. उसाला ठिबक केलंय, पण कांद्याच्या वाफ्यांना अजून पाटानंच पाणी देतो, म्हणजे दारं धरावी लागतात. एक वाफा भरला की माती ओढून दारं बंद करायचं आणि पुढचं मोडायचं. दोन्ही हात खोऱ्यावर असतात, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि शेजारी पुरुषभर उंचीचा ऊस.

या कामात उजेड कशासाठी लागतो ते सांगते. पहिलं कारण घोणस. नाग बहुतेक वेळा चाहूल लागली की सरकतो. घोणस जागची हलत नाही, वेटोळं करून तिथंच बसते आणि सुक्या पाचटात ती पाचटासारखीच दिसते. तिच्यासाठी पायापुढच्या पाच-सात फुटांत सगळीकडे सारखा पसरलेला उजेड हवा. लांबचा फोकस इथं काही कामाचा नाही. दुसरं कारण बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, एवढ्यावरून आमच्याकडे तो किती आहे ते कळावं. ऊस हेच त्याचं रान झालंय. बिबट्याचे डोळे अंधारात चमकतात, कारण त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा पडदा असतो आणि त्यावर पडलेला उजेड जिकडून आला तिकडेच परत जातो. त्यामुळे टॉर्च कमरेशी धरली असेल तर चमक बरीचशी कमरेकडेच परतते, आपल्याला कमी दिसते. कपाळावरच्या हेडटॉर्चचा उजेड मात्र आपल्या डोळ्यांजवळूनच निघतो, म्हणून तीच चमक लख्ख दिसते. वाकून काम करणारं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. म्हणून दर थोड्या वेळानं सरळ उभं राहायचं, मान चारी बाजूंना फिरवायची आणि मोठ्यानं बोलायचं. हे आमच्याकडे आता लहान पोरांनाही माहीत आहे.

अशा जागी टॉर्च किती लख्ख आहे यापेक्षा ती कधी विझणार हे मला आधी माहीत असलं पाहिजे. आणि विझली तर खिशातला दुसरा सेल अंधारात, हाताच्या अंदाजानं, अर्ध्या मिनिटात घालता आला पाहिजे. माझी सगळी निवड या दोन गोष्टींवरून झाली आहे.

म्हणून पहिली फुली मारली ती भिंतीतल्या प्लगात खुपसायच्या टॉर्चवर. मागच्या बाजूनं दोन पिना बाहेर येतात, ती. घरोघरी असते. आत बहुतेक वेळा चार व्होल्टची छोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या कुळातली. या बॅटरीला रिकामं पडून राहणं सोसत नाही. उतरलेली तशीच ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. आपण तर टॉर्च मंद झाल्यावरच चार्जला लावतो, आणि पावसाळा संपला की खुंटीला अडकवून विसरतो. वर्ष-दीड वर्षात ती रात्रभर चार्ज करून दहा मिनिटं चालायला लागते. ती बॅटरी आत डाग देऊन बसवलेली, बदलायची तर पुढं दुरुस्तीवाल्याकडे चकरा. टॉर्च फेकून नवीन आणणं सोपं पडतं, आणि लोक तेच करतात.

आमच्या घरात आता सेलच्या दोनच जाती ठेवल्या आहेत. एक एएए मापाचे, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधले बारके, पण निकेल मेटल हायड्राइडचे, रिचार्ज होणारे. दुसरे १८६५० नावाचे लिथियम-आयन सेल. तिसऱ्या जातीची टॉर्च कितीही चांगली असली तरी घरात येत नाही. हा नियम केल्यापासून ‘याचा सेल कुठला, त्याचा चार्जर कुठं गेला’ ही रोजची शोधाशोध थांबली.

एएएपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांची पहिली हेडटॉर्च तीन एएए सेलवर चालणारी असते. फ्रान्सच्या पेट्झलची टिक्का घ्या किंवा बाजारातली साधी चिनी घ्या, मागं किंवा पुढं तीन बारके सेल. लोक त्यात किराणा दुकानातले साधे सेल घालतात. साधा कार्बन-झिंकचा सेल हेडटॉर्चमध्ये घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तो घड्याळासाठी आहे. अल्कलाइन सेल चालतो, पण त्याचा व्होल्टेज दीडपासून एकसारखा उतरत जातो आणि उजेडही त्याबरोबर उतरतो. डोळ्याला ते कळत नाही, कारण डोळा सवय करून घेतो. घोणस दिसायला हवी तिथं आपण दिसतंय असं समजून चालत राहतो, हा खरा धोका. रिचार्ज होणारा निकेलचा सेल १.२ व्होल्टचा. आकडा कमी म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात. पण तो हा १.२ जवळजवळ शेवटपर्यंत टिकवतो, आणि त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतला अडथळा, कमी असल्यामुळे टॉर्चनं जास्त करंट ओढला तरी त्याचा व्होल्टेज फारसा पडत नाही. ताज्या अल्कलाइनच्या पहिल्या काही मिनिटांपेक्षा उजेड किंचित कमी असेल, पुढं मात्र तो एकसारखा राहतो.

अल्कलाइनचं आणखी एक दुखणं म्हणजे गळती. सेल उतरल्यावर टॉर्चमध्येच राहिला की स्प्रिंगवर पांढरी, भुरभुरीत साय धरते. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर आलेलं असतं, नंतर हवेत त्याचा क्षार होतो. हाताला लावू नका, डोळ्याजवळ तर अजिबात नेऊ नका. सेल काढा, कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसा, थोडं फसफसेल, मग कोरड्या कापडानं टिपा आणि दिवसभर उघडं ठेवा. स्प्रिंग हिरवी पडून खाल्ली गेली नसेल तर टॉर्च वाचते. आमच्या सासऱ्यांची, आबांची, जुनी हेडटॉर्च मी अशीच वाचवली आहे.

निकेलच्या सेलमध्येही दोन पिढ्या आहेत आणि हे माहीत असणं फार गरजेचं आहे. जुन्या पद्धतीचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाव हिस्सा उतरायचे. ‘रिचार्जेबल सेल टिकत नाहीत’ ही तक्रार त्या काळातली. २००५ च्या नोव्हेंबरात जपानच्या सान्योनं एनेलूप आणले. ते नुसते ठेवले तर फार सावकाश उतरतात, वर्षानंतरही बराचसा चार्ज शिल्लक असतो. सान्यो पुढं पॅनासॉनिककडे गेली, म्हणून आज एनेलूपवर पॅनासॉनिकचं नाव दिसतं. इतर कंपन्याही आता असे सेल बनवतात. वेष्टनावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्रीचार्ज्ड’ लिहिलेलं असतं. जो सेल दुकानात पडून राहूनही चार्ज टिकवतो तोच तसा विकता येतो, म्हणून ही खूण बऱ्यापैकी भरवशाची.

आता आकडे. सेलमध्ये किती चार्ज मावतो ते मिलीअँपिअर-तासांत सांगतात. एनेलूपच्या साध्या एएए सेलवर ८०० च्या आसपास लिहिलेले असतात, त्यांच्याच ‘प्रो’ नावाच्या सेलवर ९५० च्या आसपास. माझी निवड साधा. प्रोमध्ये थोडा जास्त वेळ मिळतो, पण कंपनीच्याच आकड्यांनुसार तो साध्यापेक्षा कितीतरी कमी वेळा चार्ज होऊ शकतो. ज्या घरात सेल रोज लागतात तिथं आयुष्य जास्त महत्त्वाचं. आणि एए मापाच्या, म्हणजे एएएपेक्षा थोड्या मोठ्या, सेलवर ४००० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो सेल हातातही घेऊ नका. या मापात निकेलचे चांगले सेल २७००-२८०० च्या पुढं जात नाहीत.

तीनही सेल एकाच जोडीतले, एकाच वयाचे, एकदम चार्ज केलेले हवेत. एक जुना आणि दोन नवे घातले तर जुना आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघं त्याच्यातून करंट ढकलत राहतात. तो उलटा चार्ज होऊन कायमचा खराब होतो. मी प्रत्येक सेलवर परमनंट मार्करनं अक्षर आणि महिना-वर्ष लिहिते. क गट माझा, ख आबांचा, ग गोठ्यातल्या टॉर्चचा. क मधला सेल ख मध्ये गेला तर लगेच दिसतो.

आता चार्जर. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमच्याकडच्या विजेत चार्जर चुकीचा असला तर चांगला सेलही मरतो.

सेलच्या पाकिटाबरोबर जो स्वस्त चार्जर येतो तो बहुतेक वेळा सेल जोडीनं चार्ज करतो. दोन किंवा चार. आपल्या हेडटॉर्चला लागतात तीन. म्हणजे तिसऱ्याला जोडीदार म्हणून भलताच कुठला तरी अर्धा भरलेला सेल लावावा लागतो, आणि मग एक जास्त चार्ज होतो, दुसरा कमी. यातले काही चार्जर नुसत्या घड्याळावर चालतात. सेल भरला की नाही हे ते बघतच नाहीत, ठरलेले तास झाले की बंद होतात. आता आमच्याकडचं बघा. रात्री लाईट जाते, अर्ध्या तासानं येते, पुन्हा जाते. दरवेळी लाईट आली की या चार्जरचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. भरलेल्या सेलला तो पुन्हा पहिल्यापासून चार्ज करत बसतो. सेल गरम होतो, आतलं द्रव्य कमी होत जातं, क्षमता घटते. ज्यांचे चांगले सेल वर्षभरात गेले त्यांनी आधी आपला चार्जर तपासावा.

चांगला चार्जर प्रत्येक सेलसाठी वेगळा कप्पा आणि वेगळी देखरेख ठेवतो. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचा व्होल्टेज वाढायचा थांबून अगदी थोडा, काही मिलिव्होल्टनं, खाली येतो. चार्जर ती घसरण टिपतो आणि करंट तोडतो. लाईट जाऊन आली तरी तो पुन्हा तपासतो आणि भरलेला सेल असेल तर थोड्या वेळात सोडून देतो. पण ही घसरण दिसायला करंट पुरेसा हवा. फार हळू चार्ज केलं तर ती इतकी पुसट होते की चार्जरला सापडतच नाही. ८०० च्या एएएला ३०० ते ४०० मिलीअँपिअर मला ठीक वाटतो. सेल थोडे कोमट होतात, हात लावून ठेवता आला पाहिजे एवढेच.

मी घेतलाय तो चार कप्प्यांचा, पडद्यावर आकडे दाखवणारा, निकेल आणि लिथियम दोन्ही ओळखणारा. लीटोकाला, एक्सटार, नाइटकोर अशा कंपन्यांचे असे चार्जर ऑनलाइन मिळतात. निवडताना चार गोष्टी बघा. चारही कप्पे स्वतंत्र हवेत. करंट आपल्याला ठरवता यायला हवा. क्षमता मोजायची सोय हवी, म्हणजे चार्जर सेल पूर्ण भरतो, उतरवतो, पुन्हा भरतो आणि खरा आकडा सांगतो. आणि तो बारा व्होल्टवर किंवा यूएसबीवर चालायला हवा, म्हणजे घरात लाईट नसेल तेव्हा पॉवर बँकवरून किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून काम भागतं. क्षमता मोजण्याची सोय मला सगळ्यात उपयोगी वाटते. ८०० चा सेल ५५० दाखवायला लागला की तो रात्रीच्या कामातून काढून मी टीव्हीच्या रिमोटमध्ये घालते.

लाईट आल्या आल्या चार्जर लावू नका, एवढं मात्र नक्की पाळा. फीडर, म्हणजे गावाला वीज देणारी मुख्य लाईन, चालू होतो तेव्हा व्होल्टेज वरखाली होतं. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

आता लिथियम. १८६५० हे नाव म्हणजे माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य गोल आकारासाठी. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत हेच सेल असायचे. यात ताकद किती ते हिशेबानं सांगते. सेलमधली एकूण ऊर्जा वॅट-तासांत मोजतात. ८०० चे तीन एएए निकेल मिळून साधारण २.९ वॅट-तास देतात. ३४०० चा एक १८६५० साधारण १२ देतो. म्हणजे चौपट, आणि वजन तिघांच्या बेरजेपेक्षा जरासंच जास्त. म्हणून माझी स्वतःची हेडटॉर्च आता एका १८६५० वर चालणारी आहे, सेल बाहेर निघणारी. मधल्या उजेडावर एक पूर्ण पाळी निघते आणि खिशात दुसरा असतो.

या सेलमध्ये खोटेपणा मात्र भयंकर आहे. ऑनलाइन ९९०० लिहिलेले सेल ढिगानं दिसतात. या मापातले चांगले सेल बहुतेक ३४००-३६०० च्या आसपास असतात. सॅमसंगचा ३५ई, एलजीचा एमजे१, पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी, हे नावाजलेले सेल सगळे याच पट्ट्यातले. जगातल्या मोठ्या कारखान्यांना जे जमत नाही ते एखाद्या अनोळखी नावाच्या सेलला कसं जमेल? घरी तपासायचा सोपा उपाय म्हणजे वजन. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. चांगला १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमचा निघाला तर आत काय भरलंय ते न बघताच परत करा. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. वेष्टनावर आयएस १६०४६ आणि आर अक्षरानं सुरू होणारा क्रमांक शोधा.

लांबी बघून घ्या. ज्या सेलच्या बुडाशी संरक्षणाची छोटी सर्किट-पट्टी असते तो ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर भरतो, आणि काही टॉर्चमध्ये झाकण लागत नाही. पट्टी असलेलाच घ्या, विशेषतः घरात सेल बऱ्याच जणांच्या हातात जात असेल तर. ती सेल फार उतरू देत नाही आणि शॉर्ट झाला तर तोडते. टॉर्च एका सेलवर चालणारी घ्या. दोन लिथियम सेल एकापुढं एक बसणाऱ्या टॉर्चमध्ये एक कमकुवत निघाला तर तो धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

एका सापळ्याबद्दल नक्की लिहायला हवं. १४५०० नावाचा लिथियम सेल हुबेहूब एए मापाचा असतो, आणि १०४४० एएए मापाचा. बसतात अगदी बरोबर, पण व्होल्टेज ३.७, तिप्पट. साध्या सेलच्या टॉर्चमध्ये घातले तर एलईडी जळते. माझ्या पुतण्याला मी घरात हे सेल आणायलाच मनाई केली आहे. अलीकडे पोटात सर्किट असलेले दीड व्होल्टचे लिथियम एएही मिळतात, यूएसबी-सीनं चार्ज होणारे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशला किंवा खेळण्याला ठीक. शेतात नको. त्यातले बरेचसे शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण दीड व्होल्ट देतात आणि मग एकदम शून्य. मंद होण्याची सूचनाच मिळत नाही. निकेलचा सेलही शेवटी झपाट्यानं उतरतो, पण दोन-चार मिनिटं तरी देतो, तेवढ्यात बांधावर येता येतं. माझ्या १८६५० च्या टॉर्चला लाल दिवा आहे आणि ती टप्प्याटप्प्यानं उजेड कमी करते. टॉर्च निवडताना मी हेच बघितलं.

खोक्यावरचे आकडे वाचायची एक किल्ली आहे. २००९ साली अमेरिकेत टॉर्चसाठी एफएल१ नावाचं मानक आलं आणि चांगल्या कंपन्या त्यानुसार आकडे छापतात. त्यात ‘चालण्याचा वेळ’ म्हणजे सुरू केल्यावर तीस सेकंदांनी जो उजेड असतो तो दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. ल्युमेन हे टॉर्चमधून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप. म्हणजे ‘४०० ल्युमेन, ६ तास’ लिहिलं असेल तर सहा तास ४०० मिळणार असं नाही. सहाव्या तासाला ४० असू शकतात. अंतराचंही तसंच. ‘१५० मीटर’ म्हणजे तिथं पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप), उजेड पोचतो. तेवढ्यात माणूस उभा आहे हे कळतं, दोरी आहे की साप हे कळत नाही. मी मधल्या पातळीचा वेळ बघते, साधारण शंभर ल्युमेनला किती तास. दारं धरायला तेवढा उजेड पुरतो.

पावसाळ्यात धुकं उतरलं की कपाळावरची टॉर्च डोळ्यांपुढं पांढरी भिंत उभी करते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड थेट डोळ्यात येतो. तेव्हा हेडटॉर्च काढून कमरेला बांधा किंवा हातात खाली धरा. लगेच फरक पडतो.

टॉर्चमध्येच यूएसबीनं चार्ज होण्याची सोय असेल तर चांगलंच, पण तेवढ्यावर थांबू नका. सेल बाहेर निघत नसेल तर तो उतरला की टॉर्च प्लगाला आणि तुम्ही अंधारात. शिवाय बऱ्याच स्वस्त टॉर्चचं यूएसबी-सी पोर्ट अर्धवट असतं. खोक्यातल्या चपट्या जुन्या तोंडाच्या केबलनं चार्ज होतात, पण मोबाइलच्या नव्या चार्जरला दोन्हीकडून सी असलेली केबल लावली की दाद देत नाहीत. टॉर्च बिघडलेली नसते. पोर्टात दोन बारके रेझिस्टर घालायचे वाचवलेले असतात. त्यामुळे खोक्यातली केबल जपून ठेवा.

आबांसाठी मात्र मी १८६५० घेतला नाही. त्यांना एकच बटण, चालू आणि बंद, एवढंच हवं होतं. पाच प्रकारचे उजेड आणि दाबून धरलं की लुकलुकणारा दिवा त्यांना त्रासाचा वाटायचा. त्यांना तीन एएएची साधी हेडटॉर्च आणि ख गटाचे सेल. मी घरी नसले आणि सेल उतरले तरी गावातल्या कोणत्याही दुकानातले अल्कलाइन तात्पुरते चालतात. एएएचा हा फायदा मोठा आहे, तो विसरू नका.

उन्हाळ्यात चार्जर पत्र्याच्या शेडमध्ये लावू नका. लिथियम सेलसाठी चार्ज करतानाची वरची मर्यादा साधारण ४५ अंश असते, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली ती सहज ओलांडली जाते. आमचा चार्जर ओट्याच्या पलीकडे कडाप्प्यावर असतो, आजूबाजूला कागद-कापड काही नाही, आणि लिथियम मी जागी असतानाच चार्ज करते. सुटा सेल खिशात कधीही नुसता टाकू नका. १८६५० चं सगळं पत्र्याचं अंग हे ऋण टोक असतं आणि धन टोकाच्या कडेला वेष्टनाखाली तेच असतं. खिशात पान्हा, किल्ल्या, खिळे असतात. वेष्टन तिथं फाटलं आणि किल्ली आडवी लागली की सेल शॉर्ट होतो. प्लास्टिकची डबी फार स्वस्त मिळते. वेष्टनाला ओरखडा दिसला तर तो सेल वापरू नका.

बरेच दिवस लागणार नसेल तर लिथियम सेल अर्धा भरून ठेवा, मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्रावर, ३.६ ते ३.७ व्होल्ट. पूर्ण ४.२ वर महिनोन्‌महिने ठेवला की म्हातारा होतो. आणि कुठला सेल विसरून अडीच व्होल्टच्या खाली गेला तर त्याला पुन्हा जिवंत करायच्या नादी लागू नका. दोन्ही जाती घेणारे काही चार्जर इतक्या उतरलेल्या लिथियमला निकेल समजतात, तेही चांगलं नाही.

पुतण्या हरिश्चंद्रगडाला आणि कळसूबाईला रात्री चढतो, त्यालाही हीच जोडी दिली आहे. हिमालयात जाताना विमानात सुटे लिथियम सेल सामानात चेक-इन करू देत नाहीत, हातातल्या बॅगेत न्यावे लागतात, टोकं झाकून. एक सेल बारा-तेरा वॅट-तासांचा, १०० च्या मर्यादेच्या खूप आत, त्यामुळे अडवत नाहीत.

राहिले मेलेले सेल. आमच्याकडे उकिरडा शेवटी शेतातच जातो, आणि वर्षातून एकदा तरी कोणी ना कोणी कचरा पेटवतोच. लिथियम सेल आगीत फुटतो, आणि सेलमधलं द्रव्य शेणखतात मिसळलेलं मला माझ्या कांद्याला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण खेड्यात तसा डबा अजून दिसत नाही. म्हणून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मी ते प्लास्टिकच्या बरणीत साठवते आणि पुण्याला कोणी जाणारं असलं की ई-कचरा घेणाऱ्यांकडे पाठवते. शेजारच्या दोन घरांतले सेलही आता याच बरणीत येतात.